मोड आणावेत, पण चूल विझवू नये
(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही बोलणार आहोत मोडाच्या कडधान्यांवर. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? रात्री मटकी भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी उसळ. हे तर आपल्याला कळायला लागल्यापासून येतं. आम्हालाही असंच वाटत होतं. म्हणूनच आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक आधी सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या चुकीतूनच निघालं आहे.

अकोले तालुक्यातला आमचा गट लहान आहे. बारा जणी. तालुक्याच्या बाजारात आम्ही मोडाची मटकी आणि मूग विकायचो. मग काही गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आम्हाला मिक्स मोड द्या, आम्ही ते कच्चेच खातो. न शिजवता खाण्याचं वेड सध्या शहरातून खेड्यात आलं आहे. चुलीवर अन्न गेलं की त्यातला सगळा जीव जातो, असं लोक मोबाइलवर ऐकतात. वजन कमी होतं, साखर जाते, असंही ऐकतात. आम्ही विचार केला, गिऱ्हाईक मागतंय तर द्यायला काय हरकत आहे? मूग, मटकी, हरभरा यांच्या जोडीला पाकीट रंगीत दिसावं म्हणून आम्ही लाल राजमा आणि थोडे वालही भिजवून मोड आणून टाकले. पाकिटावर चिठ्ठी लावली, ‘धुऊन तसंच खा.’

त्याच संध्याकाळी एका घरातून फोन आला. तिघांनी पाकीट खाल्लं होतं. दोन तासांत मळमळ, मग उलट्या, मग जुलाब. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय खाल्लं? आणि पाकिटातले दाणे बघून दुसरा प्रश्न विचारला, यात राजमा कच्चाच आहे का? देवाची कृपा, दुसऱ्या दिवशी तिघंही बरी झाली. पण त्या रात्री आमच्यापैकी कुणाला झोप लागली नाही. त्यांच्या घरात एक लहान मूल होतं, त्यानं योगायोगानं ते खाल्लं नव्हतं.

आम्ही त्यांचे पैसे परत केले, उरलेली पाकिटं खतात टाकली, आणि मग शिकायला बसलो. जे शिकलो ते आज सांगतो.

पहिली गोष्ट राजमाची. लाल राजमात एक विषारी प्रथिन असतं, त्याला लेक्टिन म्हणतात. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी माणसाला उलट्या होऊ शकतात. भिजवल्यानं ते जात नाही. मोड आणल्यानंही जात नाही. ते फक्त खळखळ उकळण्यानं जातं. राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं, नव्या पाण्यात घालून अर्धा तास तरी खळखळ उकळू द्यावा, नाहीतर कुकरमध्ये मऊ शिजवावा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून बोटात चेपला जाईपर्यंत शिजवायचाच.

इथे नावाचा एक घोळ आहे, तो नीट ऐका. घेवडा हे नाव आपण दोन वेगळ्या वेलींना देतो. एक आपला परसातला वालाच्या जातीचा घेवडा. दुसरा राजम्याच्या जातीचा, ज्याचे दाणे वाळवून ठेवतात. साताऱ्याकडे कोरेगाव भागात वाघ्या घेवडा पिकतो, अंगावर पट्टे असलेला. तो राजम्याच्याच जातीचा. म्हणजे ‘घेवड्याला मोड आणून कच्चा खा’ असं कुणी सांगितलं तर कोणता घेवडा, हे आधी विचारा. आणि खरं म्हणजे विचारूही नका. दोन्ही शिजवूनच खा.

वालाचं असं आहे, की आपल्या आज्या वाल कधीच कच्चे खायला द्यायच्या नाहीत. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून साल काढायची, आणि मग शिजवायचे. त्याला कुणी बिरडं म्हणतं, कुणी डाळिंब्या. हा सगळा खटाटोप हौसेनं नव्हता. कडव्या वालात काही विषारी द्रव्यं असतात, ती भिजवण्यानं आणि शिजवण्यानं कमी होतात. आजीला त्या द्रव्याचं नाव माहीत नव्हतं, पण रीत माहीत होती. आम्ही रीत सोडली आणि फसलो.

तिसरं सोयाबीन. आपल्या जिल्ह्यात खरिपात सोयाबीन भरपूर होतं, म्हणून सांगतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. तो उष्णतेनं जातो. म्हणून सोयाबीन भिजवा, मोड आणा, पण चांगलं शिजवूनच खा.

मग कच्चं काय खाता येतं? मूग आणि मटकी. थोड्या प्रमाणात मोडाचा हरभरा. तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसानं, घरी स्वच्छतेनं आणलेले मोड, मूठभर, लिंबू-कांद्यासोबत खाल्ले तर चालतं. पण यातही एक मोठी गोष्ट लक्षात ठेवायची.

मोडाला काय लागतं? ऊब आणि ओल. जंतूंना काय लागतं? तेच. दाण्याच्या सालीवर शेतातले, गोठ्यातले, पोत्यातले थोडेसे जंतू असले, तर मोड येण्याच्या दोन दिवसांत त्यांची संख्या प्रचंड वाढते. वरून मोड पांढरेशुभ्र दिसतात, वासही येत नाही. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून असा जंतू पसरला. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. तिथं स्वच्छता नव्हती असं नाही, नळाला चोवीस तास पाणी होतं. पण जंतू बियाण्याबरोबरच आले होते, आणि मोड कच्चे खाल्ले गेले.

आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर, संगमनेरचा पठार भाग, इथल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. एक हंडा पाणी किती कामांना पुरवावं लागतं, ते त्यांनाच माहीत. अशा वेळी कच्चे मोड खाण्याची जोखीम घेऊ नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, आजारातून उठलेली माणसं, यांना मोड कायम शिजवूनच द्यावेत. लहान मुलांना अख्खा हरभरा तर शिजवलेलाही कुस्करून द्यावा, नाहीतर घशात अडकतो.

आता कुणी म्हणेल, शिजवलं की सगळा कस जातो ना? नाही जात. थोडा जातो, बराच राहतो. आणि शिजवल्यानं प्रथिनं उलट जास्त पचतात. मोड चाळणीत घालून पाच-सात मिनिटं वाफवा, दाणा आतपर्यंत गरम झाला पाहिजे. खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. जेवढं ‘क’ जीवनसत्त्व वाफेत गेलं, त्याची भरपाई लिंबू करतं.

हे ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे मोडाचा खरा चमत्कार आहे. कोरड्या मुगात, हरभऱ्यात ते जवळजवळ नसतंच. पाणी मिळालं, कोंब फुटायला लागला, की दाणा ते स्वतः तयार करतो. याची एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे हजारो शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होते. 1915 सालच्या डिसेंबरात कूत गावाला वेढा पडला, त्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. ताजी भाजी नाही, फळ नाही. शिपायांच्या हिरड्या सुजायच्या, त्यातून रक्त यायचं, पाय काळेनिळे पडायचे. ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा स्कर्व्ही तो हाच. त्याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन बायका अन्नावर प्रयोग करत होत्या. त्यांनी दाखवून दिलं, की कोरडं कडधान्य हा रोग थांबवत नाही, पण तेच भिजवून मोड आणलं की थांबवतं. शिपायाच्या शिधाच्या पोत्यातच औषध होतं, फक्त पाणी घालून एक-दोन दिवस थांबायचं होतं.

आपल्या घरी आज स्कर्व्ही नसेल, पण रक्त कमी असणं घरोघरी आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या बारा जणींच्या गटात सहा-सात जणी. चक्कर येणं, धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे आपण ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतो.

मोड इथं कसे उपयोगी पडतात ते सांगतो. कडधान्यात लोह असतं, पण त्याला फायटेट नावाचा पदार्थ धरून ठेवतो, त्यामुळे ते अंगाला नीट लागत नाही. भिजवल्यावर आणि मोड आल्यावर हे फायटेट कमी होतं. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. म्हणून मोडाची उसळ, वर लिंबू, सोबत बाजरीची भाकरी, हे जेवण फार शहाणपणाचं आहे. कडधान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते बाजरी पुरवते, आणि बाजरीत जे कमी पडतं ते कडधान्य. फक्त एक करा. जेवणाबरोबर आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. तासभर थांबा.

पण ऐका, मोड म्हणजे रक्तवाढीच्या गोळीला पर्याय नाही. आशाताई गरोदरपणात 180 दिवस गोळ्या देतात, त्या घ्यायच्याच. साखरेची, बीपीची गोळीही कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. आणि महिनाभर नुसते कच्चे मोड खाऊन राहणं तर शेतात राबणाऱ्या बाईला परवडणारच नाही. मुगात भिजल्यावर पाणी भरतं, वजन दुप्पट होतं, पण प्रथिनं तेवढीच राहतात. वाटीभर मोडानं पोट भरल्यासारखं वाटतं, अंगात बळ मात्र भाकरी-कालवणानंच येतं.

आता मोड आणायची पद्धत. तुम्हाला येते, तरी ज्या पायऱ्या आम्ही गाळत होतो त्या सांगतो.

पहिलं, दाणे. खाण्याचेच घ्या. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही भिजवू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, म्हणून ते गुलाबी, लाल किंवा निळसर दिसतं. धुतल्यानं रंग जातो, विष जात नाही. तसंच ज्या कोठीत किडीसाठी विषारी गोळ्या टाकल्या आहेत, त्यातलं धान्य स्वयंपाकात आणू नका. या गोळ्यांनी माणसं दगावतात.

दुसरं, निवडणं आणि धुणं. खडे, फुटके, किडके दाणे काढा. फुटक्या दाण्याला मोड येत नाही, तो सडतो आणि बाकीच्यांना नासवतो. म्हणूनच डाळीला मोड येत नाहीत, तिचा कोंबच गिरणीत गेलेला असतो. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. वर तरंगणारे दाणे फेकून द्या.

तिसरं, भिजवणं. दाण्याच्या तिप्पट पाणी, आणि ते उकळून गार केलेलं. मूग, मटकी, मसूर, चवळी आठ तास. हरभरा दहा-बारा तास. हुलगा आणि वाल बारा तास किंवा थोडं अधिक. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर फेस येतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या, ते जास्वंदीला, कढीपत्त्याला घाला. पोटात वारा धरवणारी काही साखर त्या पाण्यात उतरलेली असते. न भिजलेले, दगडासारखे राहिलेले गणंग दाणे याच वेळी वेचून काढा, एखादीचा दात वाचेल.

चौथं, बांधणं. फडकं उकळत्या पाण्यातून काढलेलं हवं. भांडी पुसायचं, दूध गाळायचं फडकं नको. दाणे पूर्ण निथळू द्या. ओल हवी, पाणी साचायला नको. पुरचुंडी फार घट्ट बांधू नका, मोडालाही हवा लागते. उन्हाळ्यात मूग-मटकीला बारा ते चोवीस तासांत मोड येतात. हरभरा, हुलगा, वाल यांना दीड दिवस लागू शकतो. थंडीत याच्या दुप्पट वेळ धरा आणि पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवा. दर सात-आठ तासांनी उघडून स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पुन्हा निथळून बांधा. हीच पायरी आपण सगळ्या जणी गाळतो.

पाचवं, ओळखणं. मोड पाव ते अर्धा इंच झाला की पुरे. बोटाला बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला, काळपट डाग दिसले, तर मोह न धरता टाकून द्या. वाटीभर मटकीपेक्षा दवाखाना महाग पडतो. फ्रिज असेल तर दोन दिवस, नसेल तर त्याच दिवशी संपवा.

एक वाटी मुगाचे मोड येऊन अडीच-तीन वाट्या होतात. महागाईत हा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सगळ्यात जास्त आम्हाला सांगावंसं वाटतं ते हुलग्याबद्दल. कोकणात याला कुळीथ म्हणतात. आपल्या कोरडवाहू रानात, जिथं दुसरं काही तग धरत नाही, तिथं हुलगा येतो. त्याचे शेंगोळे आपल्याला माहीत आहेत, माडगं माहीत आहे. पण गरिबाचं धान्य म्हणून नव्या सुना तो आणायला लाजतात. मोडाच्या हुलग्याची उसळ लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून करून बघा. शिजायला वेळ लागतो, कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या.

आणि बियाण्याची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालचा पद्मश्री जाहीर झाला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरातच गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यात वाल-घेवड्याचे कितीतरी वाण आहेत. आपण स्वयंपाकघरात जे करतो, तेच त्या वेगळ्या कामासाठी करतात. दाण्यात जीव आहे का ते जपतात. तुमच्या घरी मटकीला मोड नीट आले नाहीत, तर समजा दाणे जुने आहेत किंवा त्यांनी ओल धरली आहे. पेरणीआधीही हेच करून बघायचं असतं. बियाण्याला औषध लावण्याआधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. सोयाबीनचे शंभरातले सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं. घरधन्याला हे काम जड वाटत असेल, तर आपण करू. मोड आणायचा हात आपला आहे.

आमचा गट आता पुन्हा बाजारात बसतो. पाकिटात फक्त मूग आणि मटकी असते, आणि एफएसएसएआयची नोंदणीही केली आहे. पाकिटावर तारीख असते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘वाफवून किंवा शिजवून खा.’ काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात, शेजारी जातात. जाऊ द्या. ज्या घरातून त्या रात्री फोन आला होता, त्या ताई मात्र अजून आमच्याकडूनच मटकी नेतात. गेल्या बाजारी त्यांचं मूल सोबत होतं. त्यानं पाकिटातला एक दाणा उचलून तोंडात टाकायला घेतला, तशा आम्ही तिघी-चौघी एकदम ओरडलो, आणि मग सगळ्या हसलो.

तेव्हा आज रात्री भाकरी झाल्यावर एक वाटी मटकी निवडून भिजत घाला. परवा उसळ करा, वर लिंबू पिळा, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर राहील तेवढीच स्वतःला, असं करू नका. पहिली वाटी स्वतःसाठी काढून ठेवा. बारा जणींच्या वतीनं एवढंच सांगायचं होतं.